जंगल करपले की आरसा मंदावला? ‘टेरा-मॉडिस’चे प्रकरण

उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडचा टुंड्रा आणि त्याच्या खालचा सूचिपर्णी जंगलांचा पट्टा 2002 ते 2010 या काळात अधिक हिरवा झाला की फिका पडला? हा साधा प्रश्न दोन उपग्रहांना विचारला, तर दोन निराळी उत्तरे येत होती. टेरा उपग्रहाच्या नोंदींत हिरवाई घसरल्याच्या खुणा जास्त दिसत. अॅक्वाच्या नोंदींत त्याच जमिनीवर तेवढी घसरण नव्हती. विशेष म्हणजे दोन्ही उपग्रहांवर एकाच रचनेचे यंत्र होते. मॉडिस नावाचे हे यंत्र एकाच आराखड्यानुसार बांधलेले, दोन्हींवर तरंगलांबींचे तेच पट्टे, तीच गणनपद्धती.

यंत्र एकच, जमीन एकच आणि निष्कर्ष दोन, एवढ्यावरून काही गडबड आहे हे कळते. गडबड नेमकी कुठे आहे, हे कळायला मात्र बरीच वर्षे लागली. उपग्रहीय संवेदकांच्या अंशांकनाचा, म्हणजे त्यांचे आकडे ठाऊक असलेल्या मापाशी ताडून बरोबर करण्याचा, अभ्यास करू पाहणाऱ्याने एकच प्रकरण वाचायचे ठरवले, तर मी हेच सुचवीन. यात यंत्र बंद पडलेले नाही, कोणी हलगर्जीपणा केलेला नाही, अंशांकनाची साधनेही जागेवर होती आणि नियमित वापरली जात होती. तरीही जगभरातल्या वनस्पतींच्या आलेखांत एक खोटा उतार शिरला.

यंत्र कसे पाहते

टेरा 18 डिसेंबर 1999 रोजी अवकाशात गेला, अॅक्वा 4 मे 2002 रोजी. दोघेही सुमारे 705 किलोमीटर उंचीवरून ध्रुवीय कक्षेत फिरत असत. टेरा विषुववृत्त सकाळी साडेदहाच्या सुमारास ओलांडत असे, अॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास. मॉडिसमध्ये 36 पट्टे आहेत, 0.4 ते 14.4 मायक्रोमीटर तरंगलांबीपर्यंतचे. या प्रकरणात त्यांपैकी तीनच महत्त्वाचे: पहिला, लाल (620 ते 670 नॅनोमीटर), दुसरा, जवळचा अवरक्त (841 ते 876), आणि तिसरा, निळा (459 ते 479).

मॉडिसची दुर्बीण स्थिर असते. तिच्यासमोर दोन्ही बाजूंनी परावर्तन करणारा एक सपाट आरसा सतत फिरतो आणि खालच्या जमिनीची सुमारे 2330 किलोमीटर रुंदीची पट्टी झाडून काढतो. आरसा फिरतो म्हणजे प्रकाश त्याच्यावर पडण्याचा कोन प्रत्येक क्षणी बदलतो. पट्टीच्या एका टोकाला हा आपाती कोन सुमारे 10.5 अंश असतो, उपग्रहाच्या थेट खाली पाहताना 38 अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला 65.5 अंश. आरसा किती प्रकाश परत फेकतो, हे या कोनावर अवलंबून असते. त्यामुळे संवेदकाच्या आकड्याला एका गुणकाने गुणून भागत नाही. त्या कोनाला आरशाचा प्रतिसाद किती, याचाही हिशेब धरावा लागतो. या प्रकरणाची गुरुकिल्ली हीच आहे, म्हणून हे कोन लक्षात ठेवावेत.

प्रक्षेपणापूर्वी प्रयोगशाळेत हा प्रतिसाद कोनाकोनाने मोजलेला होता. नवा आरसा सगळीकडे जवळपास सारखाच वागत होता. प्रश्न जुन्या आरशाचा होता. अवकाशातल्या अतिनील किरणांनी आणि यंत्रातल्याच पदार्थांच्या सूक्ष्म थरांनी प्रकाशीय पृष्ठभाग हळूहळू मंदावतात. निळ्या बाजूला हा परिणाम सर्वांत तीव्र असतो आणि तरंगलांबी वाढत जाईल तसा तो कमी होतो. मॉडिसच्या आरशाच्या दोन बाजूही सारख्या वेगाने मंदावल्या नाहीत.

अंशांकनाची साधने आणि त्यांचे वय

यंत्र मंदावणार हे बांधणाऱ्यांना माहीत होते. म्हणून मॉडिसमध्ये स्पेक्ट्रालॉन या शुभ्र पदार्थाची एक तबकडी बसवली आहे, तिला सौर डिफ्यूझर म्हणतात. सूर्यप्रकाश तिच्यावर पडतो, सगळीकडे विखुरतो आणि आरशामार्गे संवेदकापर्यंत पोचतो. सूर्याची दीप्ती ठाऊक आहे, तबकडीचे परावर्तन प्रयोगशाळेत मोजलेले आहे. मग संवेदकाने जो आकडा दिला त्याचा अर्थ लावता येतो. अपेक्षा अशी होती की परावर्तनाची अनिश्चितता दोन टक्क्यांच्या आत राहावी.

पण ज्या वजनाने तराजू तपासायचा तेच वजन झिजत असेल तर? तबकडीही उन्हाने पिवळसर होते आणि तीही निळ्याकडेच जास्त. याची जाणीव असल्यामुळे तिच्यावर नजर ठेवायला आणखी एक छोटे उपकरण दिले आहे. ते आळीपाळीने सूर्याकडे आणि तबकडीकडे पाहते आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून तबकडी किती मंदावली हे सांगते. या उपकरणात वेगवेगळ्या तरंगलांबींचे नऊ शोधक आहेत. त्यांतला 936 नॅनोमीटरचा, म्हणजे जिथे ऱ्हास नगण्य धरला जातो तो, संदर्भ म्हणून वापरला जातो.

तबकडीसमोर एक झडप होती. अंशांकनाच्या वेळी ती उघडायची, बाकी वेळ तबकडी अंधारात. मे 2003 मध्ये टेरावरच्या या झडपेच्या हालचालीत बिघाड दिसला. ती मधेच बंद स्थितीत अडकली असती तर तबकडी कायमची हातची गेली असती. म्हणून 2 जुलै 2003 पासून झडप कायम उघडी आणि तिच्यासमोरची प्रकाश कमी करणारी जाळी कायम लावलेली, असा निर्णय झाला. माझ्या मते तो बरोबरच होता. त्याची किंमत मात्र मोजावी लागली: प्रत्येक प्रदक्षिणेत तबकडीवर ऊन पडू लागले आणि तिचा ऱ्हास वाढला. दहा-बारा वर्षांनंतर 412 नॅनोमीटरला टेराच्या तबकडीचे परावर्तन जवळपास निम्म्यावर आले होते. अॅक्वाच्या तबकडीत ही घट साधारण एक पंचमांश होती.

सगळा दोष तबकडीवर टाकून मोकळे होण्याचा मोह इथे होतो. तो टाळायला हवा. तबकडी झिजत होती, पण ती किती झिजली हे मोजले जात होते आणि हिशेबात घेतले जात होते. मोजलेली झीज घातक नसते. चूक शिरली ती जिथे कोणी मोजत नव्हते तिथून.

दुसरे साधन चंद्र. चंद्रावर हवा नाही, ढग नाहीत, ऋतू नाहीत. त्याचा पृष्ठभाग आपल्या कालमापनात बदलत नाही. त्याची कला आणि डोलणे यांचा हिशेब करणारे प्रतिमान तयार आहे. चंद्राची दीप्ती निरपेक्षपणे सांगण्यात हे प्रतिमान काही टक्के चुकू शकते, पण आज आणि पाच वर्षांनी यांची तुलना करायला त्याच्याइतका भरवशाचा संदर्भ क्वचितच मिळतो. मॉडिस आपल्या अवकाशाकडे उघडणाऱ्या खिडकीतून दर काही आठवड्यांनी, गरज पडल्यास उपग्रह थोडा कलता करून, साधारण एकाच कलेचा चंद्र पाहतो.

आता कोन आठवा. सौर तबकडी आरशात 50.2 अंशांनी दिसते. चंद्र 11.2 अंशांनी दिसतो. पृथ्वी 10.5 ते 65.5 अंशांच्या पल्ल्यात दिसते. म्हणजे आरशाच्या वर्तनाचे यंत्रावरच तपासलेले बिंदू दोनच. वनस्पतींच्या अभ्यासात सर्वांत विश्वासाने वापरले जाणारे, थेट खालचे निरीक्षण 38 अंशांच्या आसपासचे. ते या दोन बिंदूंच्या मधे पडते. तिथला प्रतिसाद मोजलेला नव्हता, दोन बिंदूंवरून काढलेला होता. 50 अंशांच्या पलीकडचा तर अंदाज पुढे ताणून. आरसा नवा असताना याने काही बिघडत नव्हते. आरसा असमान रीतीने मंदावू लागल्यावर दोन बिंदूंमधली सरळ रेषा आणि खरी वक्ररेषा एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या, आणि दरवर्षी थोड्या थोड्या जास्त.

निळ्याची चूक लालमध्ये कशी गेली

वनस्पतींच्या हिरवाईचा निर्देशांक, ज्याला सगळे एनडीव्हीआय म्हणतात, त्यात निळा पट्टा वापरलाच जात नाही. जवळच्या अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचे, झाले. मग निळा पट्टा चुकला तर एनडीव्हीआय का बिघडावा?

उत्तर वातावरणात आहे. उपग्रहाला दिसणारा प्रकाश जमिनीवरून आलेला आणि हवेतल्या रेणूंनी व सूक्ष्म कणांनी, म्हणजे एरोसोलनी, विखुरलेला असा मिश्र असतो. जमिनीचा प्रकाश वेगळा काढायचा तर हवेत एरोसोल किती हे आधी कळायला हवे. घनदाट झाडी निळ्यात फार काळी दिसते. त्यामुळे तिच्यावर निळ्या पट्ट्यात जो प्रकाश येतो, त्यातला मोठा वाटा हवेचा असतो. मॉडिसची पद्धत याच गोष्टीचा उपयोग करून निळ्यावरून एरोसोल ओळखते आणि त्यानुसार लाल पट्ट्यातून हवेचा वाटा वजा करते.

निळा पट्टा खऱ्यापेक्षा कमी आकडा देऊ लागला की पद्धतीला वाटते, हवा स्वच्छ आहे. मग लाल पट्ट्यातून हवेचा वाटा हवा तेवढा वजा होत नाही. जमिनीचे लाल परावर्तन खऱ्यापेक्षा जास्त निघते. अवरक्तावर याचा फारसा परिणाम होत नाही, कारण तिथे विखुरणे कमी आणि पानांचे परावर्तन भरपूर. लाल वाढला, अवरक्त तसाच. एनडीव्हीआय खाली आला.

आकडे घालून पाहू. समजा एका जंगलाचे अवरक्त परावर्तन 0.40 आणि लाल 0.040 आहे. एनडीव्हीआय येतो 0.818. लाल पट्टा वातावरणाच्या अपुऱ्या दुरुस्तीमुळे 0.045 झाला, तर तो 0.798 होतो. लालमध्ये केवळ 0.005 ची भर आणि निर्देशांकात 0.02 ची घट. ही चूक दहा वर्षांत हळूहळू साचली असेल तर दर वर्षाचा उतार 0.002. हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचले आहे, पण प्रत्यक्ष अभ्यासातले चित्र त्याला धरूनच आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात टेराच्या निळ्या पट्ट्याच्या ऱ्हासामुळे एनडीव्हीआयमध्ये दर वर्षी 0.001 ते 0.004 इतकी खोटी घट येऊ शकते, असे संगणकीय अनुकरणातून दाखवले गेले. सूर्य किती उंचीवर आहे, वनस्पती कोणती, एरोसोल किती यांवर ती कमीजास्त होते. खरे हरितीकरण किंवा करपणे याच प्रमाणातले असते. त्यामुळे खोटा उतार खऱ्याला सहज झाकू शकतो किंवा त्याची दिशाच उलटवू शकतो.

दोन टक्क्यांच्या अटीचा खरा अर्थ इथे कळतो. एका क्षणीच्या मोजमापाला दोन टक्के ही कौतुकास्पद अचूकता आहे. पण हे दोन टक्के दहा वर्षांत एकाच दिशेने सरकले तर वर्षाला 0.2 टक्क्यांचा उतार तयार होतो, आणि आपण शोधत असलेला बदल नेमका तेवढाच असू शकतो. अचूकता आणि स्थैर्य या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. हवामानबदलाच्या कामाला दुसरी जास्त लागते, आणि बहुतेक यंत्रांची विनिर्देशपत्रे मात्र पहिल्याच्या भाषेत लिहिलेली असतात. मला ही त्रुटी या क्षेत्रातली सर्वांत दुर्लक्षित त्रुटी वाटते.

पुरावा कसा जुळला

अॅक्वाशी न जुळणे हा पहिला पुरावा, पण तो एकटा पुरेसा नव्हता. एक सकाळचा उपग्रह, एक दुपारचा; ढग वेगळे, सावल्या वेगळ्या. त्यामुळे दोघांच्या आकड्यांत कायमचा फरक असणे स्वाभाविक आहे. स्वाभाविक नाही ते दर वर्षी वाढत जाणारे अंतर.

दुसरा पुरावा एरोसोलच्या अभ्यासकांकडून आला. जमिनीवर एरोनेट नावाचे सूर्यमापकांचे जाळे आहे. ते थेट सूर्याकडे पाहून हवेतल्या एरोसोलचे प्रमाण मोजते. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर 2010 मधल्या एका अभ्यासात दिसले की टेराचे जमिनीवरचे एरोसोलचे आकडे 2004 पूर्वी सरासरी 0.005 ने जास्त येत होते आणि नंतर साधारण तेवढेच कमी. फरक किरकोळ, पण दिशा ठरलेली. निळा पट्टा मंदावत असेल तर अगदी असेच घडायला हवे.

माझ्या दृष्टीने निर्णायक ठरला तो तिसरा पुरावा: घसरण पाहण्याच्या कोनावर अवलंबून होती. जवळजवळ थेट खाली पाहिलेल्या निरीक्षणांत, म्हणजे उपग्रहाच्या थेट खालच्या रेषेपासून 0 ते 15 अंशांच्या आतल्या, ती स्पष्ट दिसत होती. निळ्यात सर्वाधिक, लालमध्ये त्याहून कमी. दुष्काळ पडला, कीड लागली, बर्फ उशिरा वितळले, तरी जंगलाचा रंग उपग्रहातल्या आरशाच्या कोनानुसार बदलत नाही. कोनाशी बांधलेला बदल यंत्राचा असतो.

एवढ्यावर थांबून चालणार नव्हते, कारण टेरामध्ये आणखी एक दोष वाढत होता. आकाशातला विखुरलेला निळा प्रकाश बऱ्याच प्रमाणात ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेने कंप पावतात. टेराचा आरसा बदलत गेला तशी त्याची ध्रुवीकरणाबाबतची संवेदनशीलता वाढली. साधारण 2007 पासून ती जाणवण्याइतकी झाली. सौर तबकडीवरून येणारा प्रकाश जवळपास अध्रुवीकृत, म्हणून तबकडीला हा दोष दिसूच शकत नाही. अंशांकनाचे दिवे सगळे हिरवे आणि जमिनीचे आकडे मात्र ऋतूनुसार, अक्षांशानुसार डळमळणारे, अशी ती स्थिती. हे प्रथम ध्यानात आले ते समुद्राचा रंग मोजणाऱ्यांना. समुद्रावरून उपग्रहाला मिळणाऱ्या निळ्या प्रकाशातला फार मोठा भाग हवेचाच असतो, त्यामुळे यंत्रातली बारीकशी चूक त्यांच्या कामात कितीतरी पटींनी फुगते. त्यांनी सीविफ्स या दुसऱ्या उपग्रहावरच्या संवेदकाच्या नोंदी आधाराला घेऊन टेराचे आरशाचे आणि ध्रुवीकरणाचे वर्तन नव्याने काढले. ज्यांचे काम सर्वांत नाजूक, त्यांच्या तक्रारी आधी ऐकाव्यात, हे इतर गटांनी लवकर मनावर घेतले असते तर बरे झाले असते.

दुरुस्ती

मॉडिसच्या सगळ्या नोंदी वेळोवेळी सुरुवातीपासून पुन्हा प्रक्रिया करून नव्या संग्रहाच्या रूपात दिल्या जातात. वर सांगितलेला दोष पाचव्या संग्रहातला. सहाव्या संग्रहात मूळ बदल असा की दोन बिंदूंवर विसंबणे सोडले गेले. सहारा आणि अरबस्तानातली काही वाळवंटे, विशेषतः लिबिया 4 नावाने ओळखले जाणारे वाळूचे क्षेत्र, वर्षानुवर्षे जवळपास बदलत नाहीत. उपग्रह त्यांच्यावरून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या कोनांतून जातो. त्या निरीक्षणांवरून आरशाचा प्रतिसाद मधल्या कोनांनाही वर्षागणिक काढता आला, आणि निळ्या बाजूच्या पट्ट्यांसाठी तो वापरला गेला. 2014 मध्ये एका गटाने यावर आणखी एक थर चढवला: ध्रुवीकरणाची दुरुस्ती, उरलेला उतार काढणे आणि वाळवंटांवर टेरा व अॅक्वा यांचा मेळ घालणे. त्याच वेळी त्यांनी नोंदवले की पाचव्या संग्रहातला खोटा उतार एनडीव्हीआयपुरता नव्हता. एरोसोल, ढगांची प्रकाशीय जाडी, पृष्ठभागाचे परावर्तन या सगळ्यांत तो झिरपला होता.

वाळवंटांचा आधार घेतल्याने एक दार बंद होते, हे सांगितलेच पाहिजे. ज्या वाळवंटाला स्थिर मानून यंत्र दुरुस्त केले, त्याच वाळवंटात बदल झाला का, हे त्या यंत्राच्या नोंदींवरून विचारता येत नाही. शिवाय उजळ वाळूवरून येणाऱ्या प्रकाशात ध्रुवीकरण कमी, म्हणून वाळवंटावर सगळे ठीक दिसले तरी काळ्याभोर जंगलावर किंवा समुद्रावर ते ठीक असेलच असे नाही.

परिणाम मोठा होता. 2017 मध्ये पाचव्या आणि सहाव्या संग्रहांची जागतिक तुलना झाली तेव्हा टेराच्या जुन्या नोंदींत दिसणारे करपण्याचे पट्टे बहुतांशी संवेदकाच्या ऱ्हासाचे निघाले. नव्या नोंदींत जग एकूण हिरवे होताना दिसले. 2000 ते 2017 या काळात जगाचे पर्णक्षेत्र सुमारे पाच टक्क्यांनी वाढले आणि त्यात चीन व भारत यांचा वाटा मोठा, हा 2019 मधला गाजलेला निष्कर्ष याच सहाव्या संग्रहावर उभा आहे. जुन्या संग्रहावर तो इतक्या स्पष्टपणे निघाला नसता.

आज हे प्रकरण कुठे उभे आहे

जुन्या संग्रहावर आधारलेले शेकडो लेख अजून वाचले जातात, संदर्भ म्हणून दिले जातात. ते सगळे चुकीचे आहेत असे मुळीच नाही. एका हंगामाचा, एका आगीचा, एका पुराचा अभ्यास या दोषाने क्वचितच बिघडेल. पण फक्त टेराच्या पाचव्या संग्रहावर काढलेला दशकभराचा उतार, आणि तोही 0.004 च्या आतला, समोर आला तर मी तो सहाव्या किंवा त्यानंतरच्या संग्रहावर पुन्हा काढल्याशिवाय वापरणार नाही. अॅक्वाशी ताडून पाहणे आणि निरीक्षणे पाहण्याच्या कोनानुसार वेगळी करून उतार तोच राहतो का हे तपासणे, या दोन गोष्टींना फार कष्ट पडत नाहीत, आणि यंत्राचा उतार त्यांत बहुधा उघडा पडतो.

मॉडिसचा वारसा आता व्हीर्स या नव्या संवेदकांच्या मालिकेकडे गेला आहे. त्याचा पहिला संवेदक 28 ऑक्टोबर 2011 रोजी सुओमी-एनपीपी उपग्रहावरून गेला. त्याच्या रचनेत सीविफ्सप्रमाणे आख्खी दुर्बीणच फिरते, त्यामुळे मुख्य आरशांवर प्रकाश नेहमी एकाच कोनाने पडतो आणि टेराला भोवलेला कोनांचा प्रश्न बराच सौम्य होतो. पण त्याच्या आरशांवर प्रक्षेपणापूर्वीच टंगस्टन ऑक्साइडचा अंश राहून गेला होता. अतिनील किरणांखाली तो काळवंडला आणि जवळच्या अवरक्तातला प्रतिसाद घसरला. टेरात निळा पट्टा मंदावला होता, इथे अवरक्त. एनडीव्हीआयच्या सूत्रात हे दोन दोष अगदी वेगळ्या वाटांनी शिरतात. दरम्यान टेराची कक्षा राखण्याची शेवटची मोठी कसरत 2020 मध्ये झाली; त्यानंतर त्याची विषुववृत्त ओलांडण्याची वेळ हळूहळू आधीच्या वेळेकडे सरकते आहे, म्हणजे लिबियाच्या वाळूवर पडणाऱ्या उन्हाचा कोनही सरकतो आहे. टेराची आणि व्हीर्सची मालिका एकमेकींना सांधायची ती याच काळातल्या समाईक निरीक्षणांवर, आणि त्या सांध्यात दोन्ही यंत्रांचा ऱ्हास वेगवेगळा काढून ठेवण्याचे काम अजून चालू आहे.